दुसरी सही

नानांना प्रेक्षक कक्षाच्या जिन्याकडे वळवायला आई आणि सून, म्हणजे वहिनी, दोघी लागल्या. पाय त्यांचं ऐकत नव्हते असं नाही. पाय फार आज्ञाधारक होते, फक्त जुन्या आज्ञेचे. इमारतीत शिरल्याबरोबर ते सरळ सभागृहाच्या मोठ्या दाराकडे निघाले. दारावरच्या पहारेकऱ्याने ओळखून सलाम ठोकला आणि मग तो बिचारा दार अडवेना आणि उघडूनही देईना. शेवटी आईने त्यांच्या कोपराला धरलं. माजी संरक्षणमंत्र्यांची जागा आता वरच्या मजल्यावर, पाहुण्यांच्या बाकावर होती आणि तिथे जायचा जिना डावीकडे होता.

भाऊने हे सगळं खांबाआडून पाहिलं. पुढे होऊन बापाचा हात धरावा असं त्याच्या मनात आलं, पण मित्रपक्षाचे दोन सदस्य त्याच्याशी बोलत उभे होते आणि त्यांना हातातून निसटू द्यावं असा तो दिवस नव्हता. भाऊ सरकारचा मुख्य प्रतोद होता. सत्तेच्या बाकांवर कोण आलं, कोण नाही, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची मुलगी बाळंत व्हायची आहे, कोण रुसलंय आणि कशावर, हे सगळं ध्यानात ठेवायचं आणि मतदानाची घंटा झाली की या सगळ्यांना एका बाजूला उभं करायचं, हे त्याचं काम. लोक त्याला पाठीमागे गुराखी म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. गुराख्याला निदान मोकळी हवा मिळते, एवढंच तो म्हणायचा.

आणि त्या दिवशी त्याला जे विधेयक पाडायचं होतं, ते त्याच्या सख्ख्या बहिणीने आणलं होतं.

अक्का त्याच्याहून मोठी, आणि हे तिने त्याला कधी विसरू दिलं नव्हतं. ती समोरच्या, विरोधकांच्या बाकांवर बसायची. नानांचा पक्ष सोडून ती तिकडे गेली तेव्हा नाना तिच्याशी बोलेनासे झाले, मग आई नानांशी बोलेनाशी झाली, आणि घरात भांड्यांखेरीज कशाचाच आवाज येईना तेव्हा तह झाला. तहाचं कलम एकच: जेवणाच्या टेबलावर सभागृह आणायचं नाही. ते सगळ्यांनी पाळलं. बहीणभाऊ टेबलावर भांडायचे ते आमटीतल्या मिठावरून, नाहीतर गाडी कोण जास्त वाईट चालवतं यावरून. त्या भांडणांत त्यांना मनापासून मजा येई.

विधेयक सांगायला सोपं होतं. देशाकडे अण्वस्त्रं होती. नाना संरक्षणमंत्री असताना ती तयार झाली होती आणि ती वापरण्याचा हुकूम द्यायचा अधिकार तेव्हापासून एकट्या पंतप्रधानांकडे होता. अक्काचं म्हणणं, त्या हुकमावर तीन सह्या हव्यात: पंतप्रधानांची, संरक्षणमंत्र्यांची आणि विरोधी पक्षनेत्याची. सरकारचं म्हणणं, शत्रू दारात आला असताना तीन माणसं गोळा करत बसलं, तर सही करायला कागद उरेल, देश उरणार नाही.

सकाळी अक्का बोलायला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. चष्मा केसांवर चढवलेला. तिने सुरुवात झाडापासून केली. रस्त्यावरचं झाड तोडायचं तर नगरपालिकेत अर्ज किती टेबलांवरून फिरतो, हे तिने असं रंगवून सांगितलं की सत्तेच्या बाकांवरचे लोकही हसले. मग तिने त्याच रस्त्यावर ते अस्त्र पडलं तर काय होईल ते सांगितलं. झाडाचं काय होईल, झाडासमोरच्या शाळेचं काय होईल, शाळेला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं काय होईल. आवाज चढवला नाही. सभागृहात हळूहळू अशी शांतता पसरली की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

भाऊने त्या वेळात माणसं मोजायला हवी होती. तो मोजायचं विसरला. समोरच्या पहिलवानाचा डाव बघून तोंडात शाबास यावं आणि डाव आपल्याच अंगावर टाकलेला असावा, तसं त्याचं झालं होतं. शेजारच्या सदस्याने त्याच्याकडे वळून पाहिलं तेव्हा आपण मान डोलावत होतो हे त्याच्या लक्षात आलं. त्याने घाईघाईने मानेला हात लावला, जणू मान आखडली होती.

उत्तर द्यायला स्वतः पंतप्रधानबाई उठल्या. बाई हुशार. त्यांनी अक्काचं कौतुक केलं, तिच्या कळकळीला दाद दिली आणि मग म्हणाल्या की या प्रश्नाचं उत्तर याच सभागृहात, अस्त्र तयार झालं त्या वर्षी, एका थोर माणसाने देऊन ठेवलं आहे. “देशाच्या हाताला दोन मनगटं नसतात.” वाक्य नानांचं होतं. शाळेतल्या पुस्तकात गेलेलं, टपाल तिकिटावर छापलेलं. बाईंनी वर पाहून प्रेक्षक कक्षाला नमस्कार केला आणि सत्तेच्या बाकांवर टेबलं अशी बडवली गेली की पाण्याचे पेले हलले.

भाऊने वर पाहिलं. वहिनी खाली बघत होती, आई नानांकडे बघत होती, आणि नाना स्वतःच्या गुडघ्यांकडे.

मधल्या सुट्टीत सगळे कँटीनमध्ये जमले. कँटीन तळघरात होतं, लांबोळकं, खिडक्या नसलेलं. मधोमध एक जाड खांब. खांबाच्या एका अंगाला सरकारवाले बसत आणि दुसऱ्या अंगाला विरोधक. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण नवा सदस्यही पहिल्या आठवड्यात शिकायचा. खांबाला टेकलेलं टेबल कोणाचंच नव्हतं. तिथे पत्रकार बसत, पाहुणे बसत, आणि वर्षातून एकदोनदा हे कुटुंब बसे. सूप, पाव आणि उकडलेली अंडी आली. वाढणाऱ्याने नानांचं सूप न सांगता बिनमिरीचं आणलं. त्याला अजून आठवत होतं.

पहिली काही मिनिटं तह पाळला गेला. आईने सुपाला नावं ठेवली. वहिनीने चिमीचा निरोप आल्याचं सांगितलं. चिमी म्हणजे भाऊ-वहिनीची मुलगी, नौदलात अधिकारी. तिची पाणबुडी समुद्रात कुठे आहे हे घरात कोणालाच माहीत नसे, आणि पाणबुडीवर काय आहे हे सगळ्यांना माहीत असे. निरोपात तब्येत चांगली आहे आणि जेवण वाईट आहे, एवढंच होतं. आई म्हणाली की मग ती नक्कीच सरकारी नोकरीत आहे.

सगळे हसले. नाना हसले नाहीत. अंडं सोलता सोलता त्यांनी हात थांबवला.

“मी ते वाक्य एका माणसाकडे बघून बोललो होतो,” ते म्हणाले.

तह त्यांनीच मोडला, त्यामुळे बाकीच्यांना काय करावं कळेना. भाऊने पाव खाली ठेवला.

नानांनी मग त्या वेळच्या पंतप्रधानांची गोष्ट सांगितली. भाऊला तो माणूस अंधुक आठवत होता. घरी आला की पोरांना बिस्किटं द्यायचा आणि स्वतःच संपवायचा. एकदा दौऱ्यावर असताना रस्त्यात कुत्रीची पिल्लं झोपली होती, तर त्यांची आई येऊन एकेकाला उचलून नेईपर्यंत त्याने गाड्यांचा सगळा ताफा थांबवून ठेवला होता. सभेला उशीर झाला, वर्तमानपत्रांनी झोडपलं. नाना त्याच गाडीत होते. असा माणूस, ते म्हणाले. त्याच्या हातात काय द्यायला भीती वाटणार? त्याच्या हाताला दुसरं मनगट लावायची गरजच नव्हती.

“माणूस गेला, वाक्य राहिलं,” नाना म्हणाले. “आज ती बाई ते बोलली तेव्हा मी खाली पाहिलं. मला त्या खुर्चीत तो दिसेना.”

अक्काचे डोळे चमकले. भाऊने ते पाहिलं. नाना तिकडे गेले तर दुपारी अक्का उठून सांगेल की वाक्याचा मालकच माझ्या बाजूचा आहे, आणि मग मास्तरांना धरून ठेवणं कठीण. मास्तर म्हणजे मित्रपक्षाचे नेते, जुने शाळामास्तर. हाताशी मोजकीच मतं, पण सरकारचा तोल त्या मतांवर. सकाळपासून ते भाऊला टाळत होते आणि दिसले की फार गोड हसत होते. प्रतोदाला गोड हसण्याइतकी भीती कशाचीच नसते.

पण नाना तिकडेही गेले नाहीत. त्यांनी अक्काच्या विधेयकाची चिरफाड सुरू केली, आणि ती करताना त्यांचा चेहरा उजळत गेला. विरोधी पक्षनेत्याची सही कशाला? तो परगावी असला तर? रुसला असला तर? त्याच आठवड्यात त्याच्या पक्षाने दुसरा नेता निवडायला घेतला असला तर? शेजाऱ्याने नुसतं एवढं ताडलं की यांची तिसरी सही काही होत नाही, तर ती अस्त्रं असून नसल्यासारखी. धाक हीच त्या गोष्टीची सगळी किंमत. धाक गेला की राहिला नुसता धोका.

भाऊने लगेच री ओढली. हेच तर सरकार सांगत होतं, वेळ कुठे आहे, असं तो म्हणाला. बाप आणि मुलगा एका बाजूला झाल्याचं बघून अक्काने चमचा जरा जोरात ठेवला. ती म्हणाली की धाक, धाक म्हणून तुम्ही पुरुष मंडळी जे मिरवता, तो एखाद्या दिवशी एका माणसाच्या डोक्यात सणक आली की संपतो, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही संपतं. नाना म्हणाले की पंतप्रधान बाई आहेत. अक्का म्हणाली की सणकेला ते कळत नाही.

वेळेच्या मुद्द्यावर आई बोलली. आईने सगळा जन्म शस्त्रक्रियेच्या खोलीत काढला होता, भूल देण्याच्या कामात. राजकारणात तिने कधी तोंड घातलं नाही. नवऱ्याच्या भाषणांना ती जायची ती भाषणं थोडक्यात आटपा हे सांगायला.

“रक्ताची पिशवी लावायच्या आधी आम्ही दोघं नाव मोठ्याने वाचायचो,” ती म्हणाली. “समोर माणूस जात असला तरी. त्या वाचण्याने उशीर होऊन कोणी गेलेलं मला आठवत नाही. न वाचल्याने गेलेला आठवतो.”

मग एक खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला. भाऊची बायको, जिला अक्कापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे वहिनीच म्हणत, ती आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून गेली आणि अक्काच्या शेजारी ठेवून बसली. एवढ्या वर्षांत बहीणभावाच्या कुठल्याही भांडणात ती कोणाच्या बाजूला गेली नव्हती. मी या घरात पंच म्हणून आले, असं ती म्हणायची. भाऊने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे न बघता बोलली.

“चिमीच्या बोटीवर एकट्या माणसाला काहीच करता येत नाही. दोघांच्या हातात दोन किल्ल्या. हे गुपित नाही, भरतीच्या माहितीपत्रकातसुद्धा आहे. हुकूम आला तर माझ्या मुलीला शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागणार. हुकूम देणाऱ्याला मात्र कोणाच्याच तोंडाकडे बघावं लागत नाही. ते मला पटत नाही.”

ती चिमीची आई नसती आणि भाऊ चिमीचा बाप नसता, तर प्रतोदाकडे उत्तरं तयार होती. पण सगळी उत्तरं त्याने सकाळीच दुसऱ्यांना वाटून टाकली होती, आणि आता खिशात हात घातला तर खिसा रिकामा.

नाना मात्र आता खुलले होते. बायको आणि सून समोर, मुलगा अडलेला, मुलगी तापलेली. अशाच टेबलावर त्यांनी आयुष्यभर कायदे जुळवले होते. त्यांनी सुपाची वाटी बाजूला सारली आणि अक्काला विचारलं की तिला विरोधी पक्षनेता हवा आहे की दुसरं माणूस हवं आहे. अक्का म्हणाली की दोन्ही. नाना म्हणाले की दोन्ही मागणाऱ्याला या इमारतीत चहासुद्धा मिळत नाही. मग त्यांनी दुरुस्ती सांगितली. सह्या दोन. एक पंतप्रधानांची. दुसरी मंत्रिमंडळातल्या एका सदस्याची, पण त्याचं नाव पंतप्रधानांनी सुचवायचं आणि सगळ्या सभागृहाने मंजूर करायचं. म्हणजे माणूस सरकारचा, हाकेच्या अंतरावरचा, आणि तरी विरोधकांनी पारखून घेतलेला.

अक्काने ऐकून घेतलं. या विधेयकासाठी ती गावोगाव फिरली होती, थट्टा सोसली होती, तिच्याच पक्षातल्या लोकांनी तिला बॉम्बवाली बाई म्हटलं होतं. ती म्हणाली, “तीनाचे दोन झाले, नाना.”

“वेडे, एकाचे दोन झाले,” नाना म्हणाले.

तिने बापाकडे पाहिलं. लहानपणी गणित चुकलं की नाना असंच म्हणायचे, वेडे, पण त्यात चिडचिड नसायची. भाऊला वाटलं ती रडणार. तिने नानांच्या बशीतलं अर्धं सोललेलं अंडं उचललं, पूर्ण सोललं आणि परत ठेवलं.

“हा तयार आहे का विचारा,” भाऊकडे बोट करून ती म्हणाली. “सरकारची गुरं याच्या ताब्यात आहेत.”

भाऊला खरं म्हणजे सरळ नाही म्हणता आलं असतं. मतं पुरत होती, काठावर का होईना. विधेयक पडलं असतं, बाईंनी पाठ थोपटली असती. पण मग मास्तरांनी आज मत दिलं असतं आणि उद्यापासून मान फिरवली असती, हा हिशेब त्याच्या डोक्यात सकाळपासून होता. तो हिशेब खरा होता, खोटा नव्हता. फक्त उठून उभं राहताना त्याच्या मनात तो हिशेब नव्हता, हे त्याचं त्याला माहीत होतं. त्याच्या मनात चिमी होती, आणि तिच्या शेजारी बसलेला, त्याने कधीच न पाहिलेला, दुसऱ्या किल्लीचा माणूस.

पंतप्रधानबाईंची खोली सभागृहाच्या मागेच होती. त्या चहा पीत होत्या आणि बूट काढून पाय छोट्या स्टुलावर ठेवले होते. भाऊला बघून त्यांनी पाय खाली घेतले नाहीत, यावरून भाऊला कळलं की मूड बरा आहे.

“बहिणीचं काम घेऊन आलात?” त्यांनी विचारलं.

“अर्धं बहिणीचं, अर्धं सरकारचं,” भाऊ म्हणाला. “शिवण वडिलांची आहे.”

त्याने दुरुस्ती सांगितली. मास्तरांचं सांगितलं. बाईंनी विचारलं की विधेयक पाडायचंच ठरवलं तर पडेल का. पडेल, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्यानंतर आवाज कोणाकोणाचे उठतील तेही सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्या पदावर आल्या त्या पहिल्या दिवशी एक अधिकारी आला आणि हुकूम कसा द्यायचा ते त्याने समजावून दिलं. त्यानंतर दुसरा माणूस आला आणि टेबलावरचा नवा टेलिफोन कसा वापरायचा ते त्याने समजावलं. टेलिफोनला जास्त वेळ लागला.

“त्या दिवशी मला वाटलं होतं, या खोलीत आणखी कोणीतरी असायला हवं होतं,” बाई म्हणाल्या.

मग सकाळी ते वाक्य का वापरलंत, असं भाऊच्या ओठांवर आलं होतं. त्याने विचारलं नाही, पण बाईंना ऐकू आलं असावं. त्या म्हणाल्या की वाक्य फार चांगलं होतं, मोह आवरला नाही. त्यांची एकच अट होती. दुरुस्ती सरकारने मांडली असं दिसलं पाहिजे. भाऊ म्हणाला की अक्काला हे पटवणं अस्त्राचा हुकूम देण्यापेक्षा अवघड आहे. बाई हसल्या आणि बूट शोधायला लागल्या.

अवघड गेलं नाही. जिन्यातच अक्का भेटली. दुरुस्ती सरकारच्या नावावर घ्या, माझ्या नावावर विधेयक राहू द्या, असं तिने त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. आणि तिच्या पक्षनेत्याचं काय, असं त्याने विचारलं, कारण सही त्याचीच गेली होती. त्यावर अक्का जिन्याच्या कठड्याला टेकून हसत सुटली. नेत्याकडे ती भीत भीत गेली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला की खरं सांगू, या विधेयकाचं वाचलं तेव्हापासून माझी झोप उडाली होती, ती सही मला नकोच होती.

घंटा झाली. सभागृह पुन्हा भरलं. सरकारने दुरुस्ती मांडली, मांडणाऱ्या सदस्येला मान्य आहे का असं सभापतींनी विचारलं, अक्का उठून म्हणाली की मान्य आहे, आणि बाकांवर कुजबुज पसरली. मास्तरांनी वळून भाऊकडे पाहिलं. या खेपेला ते गोड हसले नाहीत, नुसती मान हलवली, आणि भाऊच्या छातीवरचा दगड उतरला. काही जण विरोधात बोलले. एकाने सरकार कणाहीन असल्याचं सांगितलं, एकाने विरोधक विकले गेल्याचं. दोघंही मनापासून बोलले. देशाच्या हाताला दोन मनगटं नसतात, हे वाक्य आणखी एकदा येऊन गेलं, पण सकाळसारखी टेबलं वाजली नाहीत.

शेवटी सभापतींनी आवाजी मतदान घेतलं. विधेयकाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं.

होय आलं. दोन्ही बाजूंनी, जाडं, बारीक, घसा बसलेलं, एकमेकांत मिसळलेलं. आणि त्या सगळ्याच्या वरून, छताच्या जवळून, आणखी एक होय आलं. भारदस्त, खणखणीत, ज्याने या सभागृहाच्या भिंती पूर्वी शेकडो वेळा हादरवल्या होत्या ते. सगळ्यांच्या माना वर गेल्या. प्रेक्षक कक्षाच्या पहिल्या रांगेत नाना कठड्याला धरून उभे होते. आईने कपाळाला हात लावला होता.

प्रेक्षकांनी तोंड उघडायचं नाही हा सभागृहातला सगळ्यात जुना नियम. त्यासाठी माणसाला बाहेर काढत. सभापती एकेकाळी नानांच्याच हाताखाली उपमंत्री होते. ते खुर्चीत सावरून बसले, घसा खाकरला आणि ठरलेल्या सुरात म्हणाले, “प्रेक्षक कक्षातून आलेला आवाज कामकाजात धरला जाणार नाही. संबंधित व्यक्तीला बाहेर न्यावं.” मग क्षणभर थांबून त्यांनी पुढचे दोन शब्द जोडले, जे कुठल्याही नियमात नव्हते. “जरा जपून.”

मग विरोधातलं नाही घेतलं गेलं. ते तुरळक होतं. विधेयक मंजूर झाल्याचं जाहीर झालं, आणि टेबलं वाजायला लागली ती दोन्ही बाजूंची.

भाऊ आणि अक्का बाहेर आले तेव्हा नाना बाहेरच्या कॉरिडॉरमधल्या लाकडी बाकावर बसले होते. ज्या पहारेकऱ्याने त्यांना बाहेर आणलं होतं तो शेजारी उभा राहून त्यांना पाणी देत होता. नानांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की भाऊला कळेना, अभिनंदन कोणाचं करायचं. ते वहिनीला सांगत होते की एवढी वर्षं या सभागृहात काढली, आरडाओरडा केला, एकदा तर टेबलावर चढलो, पण बाहेर काढायची कोणाची छाती झाली नव्हती. आज काढलं. आई म्हणाली की आता हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागणार.

अक्का खाली वाकली आणि तिने नानांच्या टकलावर ओठ टेकवले, आणि ते हात झटकत राहिले तरी तशीच वाकून राहिली. मग सरळ होऊन भाऊजवळ आली. खिडकीतून उतरतं ऊन आत येत होतं आणि खाली अंगणात ड्रायव्हर लोक गाड्या पुसत होते.

“तू होय म्हणालास ना रे?” तिने हळूच विचारलं. “मी कान देऊन होते. तुझा आवाज नाही आला.”

“म्हणालो की,” भाऊ म्हणाला. “नानांच्या आवाजात बुडाला.”

अक्काने त्याच्या दंडात हात घातला.

“माझाही,” ती म्हणाली.